नडगीतली चीर आणि भरतीचं ग्राउंड

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. फलटणच्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात वीस वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली. माण तालुक्यातलं गाव, एसटी बदलून आलेली. दारापासून खुर्चीपर्यंतच्या आठ-दहा पावलांतच दिसलं की डाव्या पायावर ती पूर्ण भार देत नाही. वडील खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, पोरीचं ग्राउंड हाय दोन-तीन महिन्यांत. पाय तेवढा मोकळा करून द्या."

पुढचे नऊ महिने मी या पायाबरोबर काढले. घरच्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पळणाऱ्यांच्या दुखापतींवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक शहरातल्या हौशी मॅरेथॉनवाल्यांचं असतं. माझ्याकडे नडगी धरून येणाऱ्यांत निम्मी मुलं-मुली पोलीस भरतीची असतात. ती हौसेने पळत नाहीत, नोकरीसाठी पळतात, आणि उपचार ठरवताना हा फरक सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी, म्हणजेच "ग्राउंड", ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर १५ गुणांचं आणि गोळाफेक १५ गुणांची. मुलांना ८०० च्या जागी १६०० मीटर. पन्नासपैकी किमान निम्मे गुण हवेत, त्यानंतर गुणवत्तेनुसार लेखीला बोलावतात. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत काढलं तर पूर्ण २० गुण. या मुलीची वेळ डिसेंबरात ३ मिनिटं २ सेकंद होती. बारा सेकंद कमी करायचे म्हणून सप्टेंबरपासून ती तालुक्याच्या गावी एका भरती अकॅडमीत राहून सराव करत होती.

दुखणं कसं सुरू झालं ते तिने नीट सांगितलं. दुखऱ्या पायाची गोष्ट इतकी क्रमवार सांगणारे पेशंट कमी भेटतात. नोव्हेंबरअखेर पळून झाल्यावर नडगीत ठणकायचं, रात्रीपर्यंत जायचं. डिसेंबरात पळायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या मिनिटालाच सुरू व्हायचं आणि वाढत जायचं. नंतर जिना उतरतानाही. आणि आता आठवडाभर रात्री पांघरुणात पडल्या पडल्या. मधल्या काळात शेकून झालं होतं, मलम झालं होतं. गावातल्या एका माणसाने "शीर चढलीय" म्हणून अंगठ्याने नडगी रगडली होती, तेव्हा तिला घेरी आली. चाचणीच्या दिवशी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी घेऊन ती पळायची.

नडगी दुखली की भरतीची मुलं "नळी भरली" म्हणतात. बऱ्याचदा ते खरंच हाडाच्या आवरणाचं आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंचं दुखणं असतं. त्यात नडगीच्या आतल्या कडेने वीतभर, निदान पाच सेंटिमीटरच्या वर, लांबट पट्टा दुखतो. पळायला लागलं की अंग तापल्यावर कमीही होतं. हिचं उलट होतं. पळेल तसं वाढत होतं आणि बोट ठेवून दाखव म्हटलं तर तिने एकच जागा दाखवली, घोट्याच्या वर साधारण बारा सेंटिमीटर, आतल्या कडेला. मी दाबत गेले तेव्हा जेमतेम तीन सेंटिमीटरचा तुकडा असा होता की तिने टेबलाची कड घट्ट पकडली. वर आणि खाली काही नाही. डाव्या पायावर एक उडी मार म्हटलं, ती अर्धी मारून थांबली. दुसरी उडी मी मागितली नाही.

या टप्प्यावर माझ्या मनात हाडातल्या थकव्याच्या चिरेशिवाय दुसरं काही नव्हतं. इंग्रजीत ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात ते. पडून मोडलेल्या हाडासारखं ते एका फटक्यात होत नाही. हाड हे जिवंत काम चालू असलेलं बांधकाम आहे. नवा ताण आला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं, याला तीनेक आठवडे लागतात. मग त्या जागी नवं हाड भरतं, आणि ते भरून टणक व्हायला तीन महिने किंवा त्याहून जास्त. म्हणजे सराव सुरू केल्यावर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच काळात अकॅडमीत सराव सगळ्यात जोरात चढवतात. ही मुलगी सप्टेंबरपर्यंत शेतातलं आणि घरातलं काम करत होती, पळत नव्हती. चौथ्या आठवड्यात ती दिवसातून दोनदा, आठवड्याला चाळीस किलोमीटरच्या वर पळत होती. तेही डांबरी रस्त्यावर, कापडी बुटांत.

एक्स-रे काढला, स्वच्छ आला. वडिलांचा चेहरा उजळला. "फोटोत काही नाही म्हंजे सरावाला हरकत नाही ना?" हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी सावकाश उत्तर द्यावं लागतं. थकव्याची चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, एक्स-रेत दिसतच नाही. हाड भरायला लागतं तेव्हा कुठे पुसट रेघ उमटते. स्वच्छ एक्स-रे म्हणजे हाड चांगलं आहे असा अर्थ निघत नाही, या जागेला तर नाहीच.

एमआरआय करायचा की नाही यावर मी बराच विचार केला. तपासणीवरून निदान जवळजवळ पक्कं होतं. जागाही नडगीच्या आतल्या-मागच्या कडेची, जी सहसा विश्रांतीने भरून येते. दुखणं नडगीच्या पुढच्या धारेवर असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथली चीर भरायला हट्टी असते, कधी पूर्ण मोडते, तिथे वाट बघायची नसते. घरची परिस्थिती बघता एमआरआयशिवाय उपचार सुरू केले असते तरी चूक झाली नसती. पण इथे ग्राउंडची तारीख मधे उभी होती. चीर किती खोल आहे हे कळल्याशिवाय "किती आठवडे" याला मी फक्त अंदाजाने उत्तर दिलं असतं, आणि अंदाजावर हे कुटुंब थांबलं नसतं. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून बारामतीला एमआरआय केला. तिसऱ्या श्रेणीची इजा निघाली. चार श्रेणी असतात, चौथीत चिरेची रेघ स्पष्ट दिसते. तिसरीत हाडाच्या आतल्या मगजापर्यंत सूज गेलेली असते, रेघ अजून नसते. साधारण दहा ते बारा आठवडे, कधी जास्त.

माझ्याकडून एक गोष्ट राहिली

पहिल्या भेटीत मी तिला पाळीबद्दल विचारलं नाही. वडील शेजारी बसले होते, ती मान खाली घालून बोलत होती, आणि मी तो प्रश्न पुढच्या वेळेवर ढकलला. पुढची वेळ दहा दिवसांनी आली. तेव्हा आई बरोबर होती, वडिलांना मी चहाला पाठवलं. मग कळलं की शेवटची पाळी नवरात्रात आली होती. साडेतीन महिने झाले होते. अकॅडमीतल्या मुलींना त्याचं काही वाटत नव्हतं. उलट "बरंय, सरावाला अडचण नाही" असंच एकमेकींत बोलणं होतं. आईला माहीत नव्हतं, कारण मुलगी घरी नव्हती.

पळणाऱ्या मुलीची पाळी थांबणं आणि तिचं हाड चिरणं या दोन वेगळ्या तक्रारी नसतात. अन्न कमी आणि मेहनत जास्त असा काळ लांबला की शरीर आधी ज्या कामांवाचून भागतं ती बंद करतं. पाळी त्यातली पहिली. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घसरतं, आणि हाड पोखरणं चालू राहून भरणं मागे पडतं. क्रीडावैद्यकात १९९० च्या दशकात याला खेळाडू स्त्रियांमधली त्रयी म्हणत: कमी खाणं, पाळी जाणं, हाडं विरळ होणं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ही कल्पना रुंदावली. ऊर्जेच्या तुटीचा परिणाम सगळ्या शरीरावर होतो, आणि पुरुष खेळाडूंवरही होतो, असं त्यात मांडलं. तेव्हापासून मी मुलांनाही वजनाबद्दल आणि जेवणाबद्दल विचारते.

पाळीचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता तर दहा दिवस आधी रक्त तपासलं गेलं असतं. आता माझ्याकडे पळणाऱ्या मुलींसाठी एक छापील कागद आहे. बाहेर बाकावर बसूनच त्या तो भरतात, कुणासमोर तोंडाने सांगावं लागत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी इतर कारणं तपासली, थायरॉइड ठीक होतं. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) ९, ड जीवनसत्त्व ११. तिन्ही कमी. गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या, तो माझा प्रांत नाही. पण ताटाचा हिशेब मी तिच्या आईबरोबर वहीत मांडला.

पहाटे साडेचारला कोरा चहा. पाच ते साडेसात सराव. अकरा वाजता मेसची पहिली थाळी: दोन चपात्या, पातळ भाजी, थोडा भात. संध्याकाळी पुन्हा सराव. रात्री ती एकच चपाती खायची, कारण कुणीतरी सांगितलं होतं की हलकं अंग जोरात पळतं. उंची १५७ सेंटिमीटर, वजन पन्नासवरून ४६ वर आलं होतं. ती साधारण १३०० कॅलरी खात होती, त्यातल्या सहाशेच्या आसपास पळण्यात जात होत्या. उरलेल्या सातशेत मेंदू, हृदय, रक्त, हाडं, पाळी सगळं चालवायचं. चरबी सोडून अंगाचं वजन अंदाजे ३७ किलो धरलं तर किलोमागे १९ कॅलरी पडतात. ३० च्या खाली गेलं की शरीर कामं बंद करू लागतं असं मानतात, आणि ४५ च्या आसपास असलं तर सगळं व्यवस्थित चालतं. म्हणजे सरावाच्या दिवशी हिला सव्वादोन हजारांच्या पुढे खायला हवं होतं.

मी हा आकडा सांगितल्यावर आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "घरात दोन म्हशी हायेत. दूध सगळं डेअरीला जातंय."

घरात चहापुरतं दूध ठेवून बाकीचं विकायचं, ही आमच्याकडची रीत आहे आणि त्यामागे कारणं आहेत. माण दुष्काळी तालुका, डेअरीचा दहा दिवसांचा हप्ता हाच रोख पैसा. तरी मी आग्रह धरला. रोज अर्धा लिटर म्हशीचं दूध घरात ठेवायचं, फक्त तिच्यासाठी. त्यातून पाचशेच्या आसपास कॅलरी आणि सहाशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळतं. दिवसाला हजार मिलिग्रॅम लागतं, बाजरीच्या भाकरीतून ते येत नाही. बाजरीत लोह बरं असतं, पण तिथेही जेवणावर लगेच चहा घेतला की ते अंगी लागत नाही. म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने. सराव सुरू होईल तेव्हा आधी गूळ-शेंगदाण्याचा लाडू, नंतर दूध आणि दोन अंडी. रात्री दोन भाकरी, मटकी किंवा डाळ घट्ट. यातलं काहीही बाजारातून डब्यात आणावं लागत नव्हतं. अमेरिकी नौदलात भरती झालेल्या मुलींवरचा २००८ चा एक अभ्यास मला नेहमी आठवतो. ज्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं त्यांच्यात थकव्याच्या चिरा सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्या. भरतीची मुलगी तिथलीही आणि इथलीही.

काय करायचं नाही, यापेक्षा काय करायचं

"पळू नको" एवढं सांगून पाठवलं तर अशी मुलगी आठव्या दिवशी लपून पळते. हे मी अनुभवाने सांगते. म्हणून पहिल्या दिवशीच तिच्या हातात काम दिलं.

पहिले दहा दिवस कोपराची कुबडी, कारण ती लंगडत होती आणि लंगडत चाललं की कंबर आणि दुसरा पाय कुरकुरायला लागतो. न लंगडता चालता आल्यावर कुबडी सोडली. नियम एकच दिला: चालताना, रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागेवर दुखणं शून्य हवं. पाय, घोटा किंवा गुडघ्याच्या इतर दुखण्यांत मी थोडं दुखलेलं चालवून घेते. हाडाच्या चिरेत नाही.

दुखण्याच्या गोळ्या बंद. त्या चीर भरण्यात अडथळा आणतात का, यावर एकमत नाही. पण दुखणं हाच आमचा मोजमापाचा काटा होता, तो गोळीने झाकायचा नव्हता.

दम टिकवायला सायकल. जुनी, शाळेत असतानाची. दिवसाआड अर्धा तास सपाट रस्त्यावर. चौथ्या आठवड्यापासून त्यात एक मिनिट जोरात, दोन मिनिटं सावकाश अशी दहा आवर्तनं. आणि गोळा. ८०० च्या मागे लागून गोळ्याचे १५ गुण अकॅडमीत मागे पडलेले असतात. चार किलोचा गोळा तिने पहिले चार आठवडे स्टुलावर बसून टाकला. मनगट, कोपर, धड फिरवणं एवढंच. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा शेवटचा टेका डाव्या पायावर येतो, आणि तोच पाय दुखरा होता, म्हणून उभं राहून टाकणं सहाव्या आठवड्यावर ठेवलं. या महिन्यात तिचा गोळा पाऊण मीटरने पुढे गेला. पाय मोडून घरी बसलेल्या मुलीला आपलं काहीतरी वाढतंय हे दिसणं किती मोलाचं असतं, ते मी दर गुरुवारी तिच्या चेहऱ्यावर बघत होते.

ताकदीत सगळ्यात जास्त वेळ पोटरीला दिला. पोटरीतला खोलवरचा चपटा स्नायू, सोलियस, पळताना शरीराच्या वजनाच्या कैक पट ओढ सोसतो. तो थकला की धक्का थेट हाडाकडे जातो. चौथ्या आठवड्यात एका पायावर उभं राहून टाच उचलायला लावली. उजव्यावर १८ वेळा, डाव्यावर ९. तिथून सुरुवात. उभं राहून टाचा उचलणं, आणि सोलियससाठी खुर्चीत बसून, गुडघ्यावर पाण्याचा वीस लिटरचा कॅन ठेवून टाच उचलणं. दर दोन दिवसांनी, सावकाश, तीन मोजत वर आणि तीन मोजत खाली. कॅन पुढे धान्याच्या गोणीत बदलला. कंबरेच्या बाजूचे स्नायू, एका पायाचा पूल, कुशीवरचा प्लँक हेही होतं, पण त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. ती ते नीट करायची.

सातव्या आठवड्यात त्या तीन सेंटिमीटरच्या जागेवर दाबून दुखेनासं झालं. मग उड्या. इथे हाडाचा एक स्वभाव उपयोगी पडतो. एकाच प्रकारचा धक्का सलग देत राहिलं तर पहिल्या काही डझनांनंतर हाड त्याची दखल घेणं जवळजवळ थांबवतं. काही तास विश्रांती मिळाली की पुन्हा घेतं. म्हणजे हाड टणक करायला एका दमात दोनशे उड्यांपेक्षा सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस जास्त कामाच्या. आधी दोन पायांवर जागच्या जागी, मग दोरी, मग एका पायावर. अकॅडमीतल्या तिच्या सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना, कारण सगळी अकॅडमी "जितकं जास्त तितकं पक्कं" यावर उभी आहे.

सर माजी सैनिक. एका रविवारी ते मुद्दाम भेटायला आले. त्यांचा दोष काढायचा म्हणून मी हे लिहीत नाही. साठ-सत्तर मुलांना पहाटे उठवून एका ध्येयाला लावणारा माणूस आमच्या भागात फार मोठं काम करतो. ते म्हणाले, "आम्ही असंच घडलो, मॅडम." मी त्यांना सांगितलं की ही इजा जगात पहिल्यांदा ओळखली गेली तीच सैन्यात. १८५५ साली ब्राइटहॉप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कवायत करणाऱ्या जवानांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन केलं. पुढे त्यालाच मार्च फ्रॅक्चर म्हणू लागले. हे ऐकल्यावर ते जरा पुढे सरकून बसले. त्यांनाही एक जोडीदार आठवला, ट्रेनिंगमध्ये तिसऱ्या महिन्यात पाय गेला म्हणून परत पाठवलेला. त्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या: आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि नव्या मुलांना पहिला दीड महिना डांबरावर न पळवता शाळेच्या मैदानावर. बाकी चढावरचे राऊंड वगैरे त्यांनी सोडले नाहीत.

तारीख

नवव्या आठवड्यात हॉल तिकीट आलं. ग्राउंड अकराव्या आठवड्यात.

तेव्हा ती शाळेच्या मैदानावर दिवसाआड एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं अशी सहा आवर्तनं करत होती. दुखत नव्हतं. आणि तेच अवघड होतं. दुखत नसलेल्या पायाला थांब म्हणून सांगणं घरच्यांना पटवायचं होतं. आई, वडील, सर आणि ती, चौघंही दवाखान्यात बसले. वडिलांनी सरळ विचारलं, "पळाली तर मोडेल का?"

मी म्हटलं, खात्रीने सांगता येणार नाही. कदाचित काहीच होणार नाही. पण हाड अजून पूर्ण भरलेलं नाही. ८०० आणि त्यातही १०० मीटर पूर्ण जोराने पळताना दर पावलाला येणारा ताण सावकाश पळण्यापेक्षा बराच जास्त असतो, आणि ताण थोडा वाढला तरी हाड किती पावलं सोसेल हा आकडा फार झपाट्याने खाली येतो. चीर आरपार गेली तर सळई घालायची शस्त्रक्रिया, आणि किमान सहा-आठ महिने. मी एवढंही सांगितलं की तीन महिने न पळता तिची वेळ सव्वातीन मिनिटांच्या आत येणं अवघड आहे. म्हणजे धोका पत्करूनही निवड होईल असे गुण पडतील का, हा वेगळाच प्रश्न. वय वीस. खुल्या गटालाही २८ पर्यंत मुभा आहे.

सर म्हणाले, पट्टी बांधून पळेल. वडील काहीच बोलले नाहीत. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. अकॅडमीची फी, मेसचे पैसे, भावकीत सांगितलेलं "पोरगी पोलिसात जाणार". त्यांच्या शेजारच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, अंतिम फेरीत पळाली. तेव्हापासून या भागातला प्रत्येक बाप पळणाऱ्या मुलीकडे वेगळ्या नजरेने बघतो. ते चांगलंच आहे. पण त्यामुळे थांबणं फार जड जातं.

निर्णय मुलीने घेतला. "मी जाते. गोळा टाकून येते. पळत नाही."

मला हे सुचलं नव्हतं. ग्राउंड कसं असतं, रांग किती वेळची, उंची कशी मोजतात, कागदपत्रं कोण बघतं, शंभर मुलींसमोर गोळा हातात घेतल्यावर पोटात कसं होतं, हे सगळं तिला एकदा बघायचं होतं. पुढच्या वेळी ते नवं वाटू नये म्हणून. गुण पुरणार नव्हते हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा स्पष्ट माहीत होतं. उभ्याने गोळा टाकायला हाडाची हरकत नव्हती. मी हो म्हटलं. तिथे तिचा गोळा साडेपाच मीटरच्या पुढे गेला, सरावात कधी गेला नव्हता एवढा. १०० आणि ८०० ला ती उभी राहिली नाही. बरोबरच्या मुली पळताना बाहेर कठड्याशी उभं राहिल्यावर काय वाटलं ते तिने सांगितलं, पण ते तिचं आहे, इथे लिहीत नाही.

त्यानंतर दोन गुरुवार कुणी आलं नाही. फोनही उचलला नाही. तिसऱ्या गुरुवारी वडील एकटेच आले आणि विचारलं, "पट्टा किती लांबीचा लागंल?" ज्वारी काढून रिकाम्या झालेल्या रानात कुळव फिरवून, फळी मारून त्यांनी पळायला जागा करायला घेतली होती. डांबरापेक्षा माती बरी हे मी कधीतरी बोलले होते ते त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. मी म्हटलं, शंभर मीटर पुरे, पण खड्डे नकोत, पाय मुरगळेल. त्यांनी दोनशे केलं.

एप्रिलपासून पळणं हळूहळू वाढवलं. आधी वेळ, मग आठवड्यातले दिवस, वेग सगळ्यात शेवटी. पळताना ती लांब ढांगा टाकत होती, पाऊल अंगाच्या फार पुढे पडायचं. ढांग थोडी आखूड आणि पावलं जरा भरभर केली की नडगीवरचा प्रत्येक धक्का कमी होतो. मोबाइलवर ठोक्याचं अॅप लावून मिनिटाला १६० वरून १७० पावलांवर आणलं. याला दीड महिना लागला, कारण दमली की जुनी ढांग परत यायची. आठवड्याचं एकूण अंतर पंधरा-सोळा किलोमीटरच्या वर जाऊ दिलं नाही. ८०० मीटरसाठी आठवड्याला चाळीस कशाला हवेत, हे मला आजही उमगलेलं नाही. तेवढ्या अंतरासाठी २०० आणि ३०० चे तुकडे, मधे पुरेशी विश्रांती, आणि ताकद, यातूनच वेळ उतरते.

मे महिन्यात एकदा भीती वाटली. एका लग्नाच्या घाईत चार दिवस तिचं खाणंपिणं सुटलं, त्यातच तिने सरांच्या सांगण्यावरून चढावर चार राऊंड मारले, आणि उजव्या नडगीत, म्हणजे चांगल्या पायात, ठणका सुरू झाला. तपासलं तर लांबट पट्टा होता, एकच जागा नव्हती. दहा दिवस सायकलवर परत गेलो आणि ते विरलं. दूध मात्र त्या चार दिवसांतही आईने चुकवलं नव्हतं.

पाळी जूनमध्ये आली. ती तेव्हा ५० किलोवर परतली होती. पुढच्या महिन्यात नाही आली, ऑगस्टपासून नियमित. गोळ्या घेऊन पाळी आणता येते, पण तेवढ्याने हाडाला हवं ते मिळत नाही. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी आणि आम्ही आधी अन्न सुधारून वाट बघायचं ठरवलं होतं. ड जीवनसत्त्व ३४ वर आलं. फेरिटिन २६, अजून कमीच, गोळ्या चालू आहेत.

आता ऑक्टोबर. गेल्या गुरुवारी टाच उचलणं डाव्यावर २४, उजव्यावर २६. मातीच्या पट्ट्यावर ८०० मीटर २ मिनिटं ५४ सेकंद. गोळा पावणेसहा मीटर. पुढच्या भरतीची जाहिरात कधी निघेल ते कुणालाच ठाऊक नाही. तोवर आठवड्यातून दोनदाच जोराचं पळायचं, आणि आणखी चार सेकंदांसाठी घाई करायची नाही, यावर आमची दर आठवड्याला वादावादी होते. तिला स्पाइक, म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट, घ्यायचे आहेत. मी म्हणते, डाव्या पोटरीचे ते दोन आकडे भरून निघू देत, मग बघू.

भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान ती दर महिन्याला मोबाइलवर फोटो काढून आणते. पळण्याच्या दिवसांना निळी खूण, पाळीच्या दिवसांना लाल. या वेळी लाल खूण नवरात्रात पडली आहे. ते पान तिने वडिलांसमोरच मला दाखवलं.